सोलो झाल्यावर ग्लायडर पायलट गळतात का? नोंदवही, सत्कार आणि वार्षिक अंकाबद्दल मतं हवीत

घोडबंदरची घार (धागाकर्ता)

ठाणे-नवी मुंबईच्या आपल्या गटात हडपसरला ग्लायडिंग शिकलेले आणि कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे, असे दोन्हीकडचे लोक आहेत. शिकतानाचा उत्साह बघण्यासारखा असतो. पहाटे अंधारात गाडी काढून एक्स्प्रेस-वे गाठायचा, दिवसभर उन्हात पंख धरून पळायचं, विंचची (ग्लायडर वर ओढणारं जमिनीवरचं यंत्र) केबल ओढून आणायची आणि वाट्याला दोनच लाँच आले तरी खुशीत परत यायचं. मग सोलो (एकट्याने पहिलं उड्डाण) होतो, पेढे वाटले जातात, फोटो लागतो. पुढच्या हंगामात तो माणूस येतच नाही. विचारलं की उत्तर एकच, वेळ मिळत नाही. वेळ तर शिकतानाही नव्हता.

मला वाटतं, सोलोनंतरची पायरीच त्याला दिसत नाही. एफएआयचे (जागतिक हवाई क्रीडा महासंघाचे) बॅज आहेत, पण त्यातला सिल्व्हरच ५० किलोमीटर अंतर, १,००० मीटर उंची कमावणं आणि ५ तास हवेत राहणं एवढं मागतो. हडपसरला विंचवरून फारशी उंची मिळत नाही, लोहगावच्या हवाई दलाची हद्द लागूनच आहे आणि खाली चारी बाजूंनी शहर वाढलंय. तिथे नुकताच सोलो झालेल्याने ५० किलोमीटरचं स्वप्न तरी कसं बघावं? गोल्डचे ३०० किलोमीटर आणि ३,००० मीटर तर सोडूनच द्या.

म्हणून मधल्या पायऱ्या आपण बांधू. गटाची एक नोंदवही ठेवू. केबल सुटल्यावरची पहिली तीस मिनिटं, सुटलेल्या उंचीच्या वर कमावलेले पहिले ३०० मीटर, पहिला तास. विक्रमही ठेवू, पण महिनावार. एप्रिलची दुपार आणि डिसेंबरची दुपार एका यादीत घालण्यात अर्थ नाही. डिसेंबरात अशक्त थर्मलवर (तापून वर चढणाऱ्या हवेवर) वीस-बावीस मिनिटं काढणाऱ्या नवख्याचं नाव डिसेंबरच्या रकान्यात पहिलं लागलं, तर ते राखायला तो पुढच्या डिसेंबरात येईल. पावसाळ्यात उड्डाणं बंदच असतात. तेव्हा वर्षाचा छापील अंक काढू आणि ठाण्यात एखादं छोटं सभागृह घेऊन सगळ्यांसमोर नावं वाचू. ज्यांना पटत नाही त्यांनी मोकळेपणी लिहा.

बेलापूर पॅरा

मला पटत नाही, कारण याचा परिणाम मी कामशेतला डोळ्यांनी पाहिलाय. ऑनलाइन एक्ससी (लांब अंतराच्या उड्डाणांच्या) लीग आल्या, रात्री उड्डाणाचा जीपीएस ट्रॅक अपलोड करून गुण पडू लागले आणि टेक-ऑफवरची बोलणी बदलली. पूर्वी वारा कसा आहे, कोण कुठे उचललं गेलं, यावर बोलणं चालायचं. आता कुणाचे किती गुण झाले यावर.

एकदा मे महिन्यात दुपारी घाटाच्या बाजूला ढग फुगला आणि तळाशी काळा पडायला लागला. सगळे बिग इअर्स करून (विंगची टोकं दुमडून) खाली आले. एक जण वरच राहिला, कारण लीगमध्ये वरच्या जागेसाठी त्याला थोडे किलोमीटर कमी पडत होते. शेवटी एका शेतात उतरला, विंग बांधावरच्या बाभळीत अडकलेली. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा हेल्मेट डोक्यावरच होतं आणि तो मोबाइल काढून ट्रॅक सेव्ह झाला का ते बघत होता.

माणूस टिकावा म्हणून त्याच्यापुढे आकडा ठेवायचा, आणि त्या आकड्यापायी त्याचं बरंवाईट झालं तर? टिकवायचा म्हणजे आधी धड टिकवायचा.

घोडबंदरची घार

बेलापूर, धोका खरा आहे, नाकारत नाही. पण काय मोजायचं आणि काय बाद करायचं हे ठरवणारे आपणच असू. सिल्व्हरच्या अंतराचंच बघा. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला फरक अंतराच्या १ टक्क्याच्या आत लागतो, म्हणजे ५० किलोमीटरला ५०० मीटर. विमानाच्या टोने (विमानामागे ओढून घेत) उंच जाऊन नुसतं घसरत ५० किलोमीटर गाठणाऱ्याला बॅज मिळू नये, म्हणून ही अट. नियम जसा लिहाल तसं लोक उडतात.

मग आपण लिहू की सर्किटच्या (उतरण्याआधीच्या फेरीच्या) उंचीखाली आल्यावर थर्मलमध्ये वळलेलं उड्डाण नोंदवहीत येणार नाही. लॉगर (उड्डाण नोंदवणारं यंत्र) दर काही सेकंदांनी उंची टिपतो, तिथे लपवाछपवी चालत नाही. कामशेतच्या अटी तुम्ही लिहा. फुगत्या ढगाखाली थांबलेला ट्रॅक बाद, असं लिहा. मी सही करतो.

ऐरोली व्हेरिओ

नोंदींना माझा विरोध नाही, छापील अंकाला आहे. लॉगरची फाइल अपलोड केली की नकाशा, उंची, चढण्याचा दर, सगळं मिनिटभरात समोर येतं. जगभरचे पायलट अशाच ऑनलाइन स्पर्धांत भाग घेतात आणि त्यासाठी कुणाला एका मैदानावर जमावं लागत नाही. आपण मात्र वर्षभर थांबून जुन्या बातम्या कागदावर छापायच्या. छपाईचा खर्च, मजकूर गोळा करायची कटकट, दर वेळी त्याच दोघांच्या गळ्यात काम. दोन अंक निघतील आणि बंद पडेल. तेच पैसे दोन चांगल्या लॉगरवर घाला.

जुना कॅडेट

ऐरोली, लॉगर घ्याच. पण फाइल काय सांगते? माणूस कुठे गेला ते. तो तिकडे का वळला, कुठली घार बघून वळला, कुठे घाबरला आणि परत फिरला, हे फाइलमध्ये नसतं.

मी एनसीसीच्या एअर विंगमधून रोहिणीवर शिकलो. लाकडी ग्लायडर, इन्स्ट्रक्टर शेजारच्याच आसनावर. नागरी विमान वाहतूक खात्याच्या टेक्निकल सेंटरने हे ग्लायडर आपल्या देशात डिझाइन केले आणि नावं नक्षत्रांची ठेवली: अश्विनी, भरणी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर. रोहिणी १९६१ साली पहिल्यांदा उडाली. तिच्यावर शिकलेली किती माणसं आज ठाण्या-डोंबिवलीत पेन्शन घेत असतील! त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच जाणार.

त्या काळी पुरावा म्हणजे बॅरोग्राफ, उंची टिपणारं यंत्र. काजळी धरलेल्या ड्रमवर सुई रेघ ओढत जायची. उतरल्यावर ऑब्झर्व्हर सील तपासायचा, मग वार्निश मारून रेघ पक्की करायची. त्याआधी चुकून बोट लागलं तर पाच तासांची मेहनत पुसली जायची. म्हणून तो ड्रम लोक दोन्ही हातांत जपून धरून चालायचे. त्या रेघेचा कागद घरी फ्रेम करून लावलेला मी पाहिलाय.

ब्रिटनमधलं ग्लायडिंगचं मासिक १९३० साली सुरू झालं, अमेरिकेतलं १९३७ साली. ब्रिटिश मासिकात क्लबांच्या बातम्यांची पानं मी आधी उघडायचो. अमुक सोलो झाला, तमुकने ५० किलोमीटर केले, विंचचं इंजिन अमक्याने दुरुस्त केलं. विश्वविक्रमाच्या लेखापेक्षा ती पानं मला जवळची वाटायची. ग्लायडर पायलट क्लाउस ओलमानने २००३ च्या जानेवारीत अँडीजच्या वाऱ्यावर ३,००९ किलोमीटर कापले हे वाचून छाती भरून येते, पण दुसऱ्या दिवशी मैदानावर जावंसं वाटतं ते आपल्यासारख्याच कुणीतरी पहिला तास काढल्याचं वाचून.

अंक काढाच, आणि दोन प्रती मराठी ग्रंथसंग्रहालयात द्या. १८९३ पासून ती संस्था ठाण्यात आहे. आपली वेबसाइट कुणी भाडं भरलं नाही म्हणून बंद पडेल, तिथला कागद राहील.

सानपाडा विंगटिप

काका, तुमचं लिहिणं मनापासून आवडलं, तरी मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. लोक कौतुकाअभावी जात नाहीत. उडायला मिळत नाही म्हणून जातात.

मी का थांबले ते सांगते. पहाटे निघायचं, मैदानावर पोचायचं, नाव लावायचं. वारा फिरला की विंच दुसऱ्या टोकाला न्यायचा, त्यात तास जातो. केबल तुटली की आणखी एक. संध्याकाळी परत निघताना हातात काही मिनिटांचं उड्डाण. घरी लहान मूल आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. असा दिवस मी किती वेळा मागू शकते? मला सत्कार नको होता, ठरलेला स्लॉट हवा होता.

आणि नोंदवहीत कुणाची नावं येतील ते आजच सांगते. ज्यांचे सगळे शनिवार मोकळे आहेत त्यांची. महिनावार करा नाहीतर आठवडावार, ती यादी कौशल्याची राहणार नाही, सवडीची होईल. ती वाचून माझ्यासारखीला आणखीच वाटेल की हे आपलं काम नव्हे.

घोडबंदरची घार

ताई, स्लॉटचं पटतं. पण स्लॉट आपल्या हातात नाहीत. मैदान आपलं नाही, ग्लायडर आपले नाहीत, इन्स्ट्रक्टर मोजके. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राचं हवाई क्रीडा धोरण आलं, त्यात ग्लायडिंग आहे. त्यातून मैदानं वाढली तर सोन्याहून पिवळं, पण तोवर जे आपल्याला करता येतं ते का करू नये?

स्त्रियांसाठी एफएआयने १९८९ मध्ये पेलागिया मायेव्हस्का पदक सुरू केलं. आपल्या अंकात तसा वेगळा विभाग ठेवता येईल.

सानपाडा विंगटिप

वेगळा विभाग नको. थर्मल बाई-पुरुष बघून वर नेत नाही. मला वेगळं मोजू नका, काय मोजताय ते बदला.

दिवसभरात पंख धरून कोण पळालं, विंचवर किती लाँच कुणी दिले, केबल कुणी जोडली, लाँचची वही कुणी भरली, यातलं काहीच तुमच्या नोंदवहीत नाही. विंचवरच्या माणसाने केबलचा ताण बघत थ्रॉटल नीट धरला नाही तर वरच्याचं लाँच फुकट जातं, वेग फार वाढला तर धोका. ते कसब आहे. पण अंकात फोटो येणार वर गेलेल्याचा. जो सकाळभर दुसऱ्यांना वर पाठवतो आणि स्वतः एकदाच उडतो, तोच पहिल्यांदा कंटाळतो. त्याचं नाव पहिल्या पानावर लावा, मग मी तुमच्या अंकाबद्दल विचार करीन.

आणि स्लॉट आपल्या हातात नाहीत म्हणता, तर गाड्या तरी आहेत ना? वाशीहून कोण निघतंय, कोपरीहून कोण, अर्धा दिवस थांबणारे कोण आणि पूर्ण दिवसवाले कोण, याचा तक्ता गुरुवारपर्यंत लावला तर अर्ध्या दिवसात परतणारी गाडी मिळेल. तेवढ्याने मी परत येईन. हे आधी करा, अंक नंतर.

नौपाडा इन्स्ट्रुमेंट

मी विमान देखभालीत काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे चुकीची माहिती वर येणं याला फार किंमत असते. कौतुक जसं वाढतं तसं लोक चुका झाकायला लागतात. वर्षभर ज्याचं नाव यादीत वर आहे, तो ‘मी पंखावरचे ब्रेक उघडे ठेवूनच लाँच घेतला’ हे लिहून देईल का? नाही देणार. आणि आपल्याला शिकायला मिळतं ते त्याच वाक्यातून.

जुना कॅडेट

मग अंकातच निनावी पानं ठेवा. नाव नको, नुसती घटना.

नौपाडा इन्स्ट्रुमेंट

काका, एवढ्याशा गटात निनावी काही नसतं. मार्चमधला रविवार, पिवळी टोपी, टेल-डॉली (ग्लायडर ढकलताना शेपटीखाली लावायचं चाक) काढायची राहिली, एवढं लिहिलं तरी चहाच्या टपरीवर नाव निघेल. तारीख आणि मैदान गाळायचं, पॅराग्लायडिंगचे प्रसंगही त्यातच मिसळायचे आणि घटना घडल्यावर लगेच न छापता पुढच्या वर्षी छापायच्या. शिवाय ती पानं आणि विक्रमांची पानं एकाच माणसाकडे नकोत. हे मान्य असेल तरच अंकात काही अर्थ आहे.

ऐरोली व्हेरिओ

छपाईबद्दल माझं मत तेच आहे. पण काका जे घार बघून वळण्याचं म्हणाले त्यावर विचार केला. प्रत्येक ट्रॅकखाली पायलटने चार ओळी लिहायच्या, त्याशिवाय नोंद धरायची नाही, असं केलं तर? उन्हाळ्यात समुद्राकडचा वारा घाट चढून आला की पुण्याकडचे थर्मल तुटतात. तो कुठल्या दिवशी किती वाजता पोचला, एवढं जरी सगळ्यांनी लिहिलं तरी दोन-तीन हंगामांत आपल्याकडे या भागाची अशी वही तयार होईल, जी आयती कुठे मिळणार नाही. मी ते गोळा करायचा फॉर्म बनवतो. कागदावर घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बेलापूर पॅरा

चार ओळींची अट चांगली आहे. पण रकान्यात पहिला-दुसरा असं आलं की लोक त्या चार ओळीही गुणांसाठी लिहितील. क्रम लावू नका एवढंच माझं मागणं. ज्याने तीस मिनिटं काढली त्याचं नाव तीस मिनिटांच्या पानावर, तारखेप्रमाणे. सिल्व्हर बॅजही तसाच असतो. कुणाच्या पुढे-मागे नसतो, केलं की मिळतो.

घोडबंदरची घार

क्रम गाळायला माझी तयारी नाही. महिन्याचा सर्वात लांब वेळ एवढी एकच ओळ तरी ठेवू द्या. ती ओळ मोडायला माणूस परत येतो, हे मी गटात पाहिलंय. बाकी पानं तारखेप्रमाणे चालतील.

विंच आणि विंग-रनरच्या नोंदी आजपासूनच लाँचच्या वहीत घेऊ, पहिलं पान त्यांचं. ताई, गाड्यांचा तक्ता गुरुवारी रात्री लावतो, अर्ध्या दिवसाचा रकाना वेगळा. नौपाडा, निनावी पानांचं संपादन तुम्ही घ्याल का?

नौपाडा इन्स्ट्रुमेंट

एकट्याने घेणार नाही. बेलापूर बरोबर असतील तर घेतो.

बेलापूर पॅरा

मी आहे. माझे ट्रॅक नोंदवहीत घालू नका, ती एक ओळ असेपर्यंत तरी नाही. निनावी पानांसाठी कामशेतचे दोन प्रसंग माझ्याकडे आहेत, ते आठवड्याभरात लिहून देतो.

सानपाडा विंगटिप

तक्त्यात वाशीहून सकाळच्या गाडीत माझं नाव लावा, दुपारी दोनला परत. विंचवर कोण शिकवणार तेही लिहा, मला शिकायचंय.