चर्चा : एडीएचडी ही धंद्यातली 'देणगी' आहे, हे आता पुरे

हिशोबनीस
छोट्या उद्योजकांचे हिशोब आणि करविवरणं सांभाळणं हा माझा व्यवसाय. माझ्या काही ग्राहकांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता यांच्या विकाराचं, रीतसर निदान झालेलं आहे. हल्ली उद्योजकतेवरचं कुठलंही व्याख्यान ऐका, 'एडीएचडी म्हणजे महाशक्ती' हे येतंच, आणि पाठोपाठ डेव्हिड नीलमन येतो. आपल्याला एडीएचडी आहे हे तो उघडपणे सांगतो, त्याने जेटब्लू ही विमानकंपनी उभी केली, टाळ्या. फेब्रुवारी २००७च्या हिमवादळात त्याच जेटब्लूचं वेळापत्रक कोलमडलं, प्रवासी उभ्या विमानांत तासन्‌तास अडकून पडले आणि मे महिन्यात त्याचं सीईओपद गेलं, हे कोणी सांगत नाही.

मला हिशोबाच्या फायलींतून दिसतं ते असं. काम उत्तम झालेलं असतं, ग्राहक खूश असतो आणि बिल पाठवायचंच राहिलेलं असतं. दोन-तीन महिन्यांनी बिल गेलं की समोरचा घासाघीस करतो. कराची तारीख माहीत असते, खात्यात पैसे असतात, तरी दंड बसतो. त्यातच नवी कल्पना सुचते आणि चालता धंदा वाऱ्यावर.

निदान झालेल्यांनी धंदा करू नये असं मी म्हणत नाही. पण पैशाची बाजू बघणारा माणूस आधी ठरलेला नसेल, तर नोकरी सोडूच नये. विरोधी मतं आधी येऊ द्या.

भिरभिरं
मागितलंत, घ्या. हिमवादळसुद्धा एडीएचडीमुळे आलं का? त्या पदावरून गेल्यावर नीलमनने २००८ मध्ये ब्राझीलमध्ये अझुल ही विमानकंपनी काढली, पुढे अमेरिकेत ब्रीझ. म्हणजे गोष्ट सोयीच्या जागी तुम्हीही थांबवलीतच.

माझं निदान तिशीनंतर झालं. त्याआधीच्या नोकऱ्यांत प्रत्येक मूल्यमापनात 'हुशार आहे, पण' असायचं. आता माझा ध्वनिसंकलनाचा स्टुडिओ आहे. मुदत उद्याची, मूळ फाईल बिघडलेली, ग्राहक घाबराघुबरा, अशा वेळी माझं डोकं सगळ्यात शांत असतं. सकाळी मन लागत नसेल तर मी दुपारी सुरू करते आणि रात्री संपवते. ही मोकळीक कुठला साहेब देणार? आणि हे फक्त माझं नाही. लर्नर, फेरह्युल आणि थुरिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर केलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. एडीएचडीचं निदान असलेल्यांत उद्योग काढण्याचा इरादा जास्त आढळला, आणि प्रत्यक्ष हालचालही.

रेघोटी
इरादा आणि हालचाल, मान्य. पण त्यातले किती टिकले? बुडालेल्यांना व्याख्यानाला कोण बोलावतं?

शिवाय तुम्ही सगळे एडीएचडी एकच धरून चाललाय. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या माहितीवरचा २०१६चा एक अभ्यास आहे, त्यातही फेरह्युल आहेतच. लक्षणांचा स्वयंरोजगाराशी संबंध सापडला, पण तो मुख्यतः अतिचंचलतेमुळे, लक्ष न लागण्यामुळे नव्हे. माझा प्रकार नेमका दुसरा. मी एका जागी तासन्‌तास बसू शकते, फक्त ज्या कामाला बसले ते सोडून. उडी मारायचं धाडस मला काही वरून मिळालेलं नाही. मिळालंय ते उघडून न वाचलेल्या ईमेलचं ओझं. मला कोणी महाशक्ती म्हटलं की फार एकटं वाटतं.

सरळसोट
स्पष्ट बोलतो. बिलं करायचा कंटाळा कोणाला येत नाही? आम्हीही रडतखडत करतोच. शिस्तीचा अभाव आहे, त्याला नाव मिळालं की सूट मिळते.

मनोविकारतज्ज्ञ
सरळसोट, कंटाळा सगळ्यांना येतो म्हणूनच निदान कंटाळ्यावर होत नाही. मानसिक विकारांच्या निदानासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या पुस्तिकेचे २०१३पासूनचे निकष असे : काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, ती घर, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी आयुष्यात खरी अडचण व्हावी लागते. मोबाईलमुळे चाळिशीत लक्ष उडू लागलं, तर ते हे नव्हे. दुसऱ्या बाजूलाही सांगते. एडीएचडीवरची मेथिलफेनिडेटसारखी औषधं मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनांचा, म्हणजे डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा प्रभाव वाढवतात. त्याने लक्ष टिकायला मदत होते, पण कुठे लावायचं हे औषध ठरवत नाही. औषध घेऊन बिलांऐवजी रात्रभर कंपनीचा लोगो सुधारत बसलेले लोकही असतात! आणि धंद्यात झोपेचं खोबरं झालं की सगळीच लक्षणं बळावतात, हे भिरभिरं यांच्या 'रात्री संपवते'साठी.

पडद्यामागची
माझ्या नवऱ्याला एडीएचडी आहे. धंदा त्याच्या नावावर आहे आणि चांगला चाललाय. त्याच्या मुलाखती येतात तेव्हा मी वाचते आणि हसते. कोटेशन दिलं का, आगाऊ रक्कम आली का, कामगारांचे पगार गेले का, हे सगळं माझ्या डोक्यात असतं, माझी स्वतःची नोकरी सांभाळून. त्याने ग्राहकाला फोनवर भलताच शब्द दिला की दुसरा फोन मी करते. या कामाला पगार नाही आणि पदही नाही. हिशोबनीस, तुमचा 'पैशाची बाजू बघणारा माणूस' बहुतेक घरांत असा फुकटचाच असतो, आणि बहुतेक वेळा बाईमाणूस.

उदाहरणच हवं असेल तर पॉल ऑर्फलियाचं घ्या. डिस्लेक्सिया आणि एडीएचडी दोन्ही. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात किंकोज हे झेरॉक्सचं दुकान काढलं, पुढे त्याच्या शेकडो शाखा झाल्या. पण त्या त्याने एकट्याच्या जोरावर चालवल्या नाहीत. ठिकठिकाणी भागीदार घेतले, त्यांना मालकीत वाटा दिला, आणि स्वतः दुकानं बघत हिंडला. वाटा दिला, हे लक्षात घ्या.

भिरभिरं
पडद्यामागची, यावर वाद नाही. माझ्याकडे एक सहकारी पगारावर आहे. बिल गेल्याशिवाय अंतिम फाईल ग्राहकाला द्यायची नाही, हा तिचा नियम आहे आणि तो मोडायचा अधिकार मला नाही. जमा झालेल्या रकमेतला कराचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातो, त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलंच नाही. हिशोबाला एकटीने बसले तर पाचव्या मिनिटाला उठते, शेजारी कोणी गप्प बसून आपलं काम करत असलं तर होऊन जातं. कामं आठवून देणारी ॲप मात्र सुचवू नका, त्यांचं माझ्याकडे स्मशान झालंय. पण 'माणूस ठरल्याशिवाय नोकरी सोडू नका' हे मला पटत नाही. पगार द्यायला आधी धंदा तर हवा ना? पहिली दोन वर्षं मी दंड भरले, फी समजून. त्या नोकरीत राहिले असते तर जास्त गेलं असतं.

हिशोबनीस
दंडाला फी म्हणणारी तुम्ही पहिली ग्राहक नाही. :) माझं म्हणणं मी इतपत सैल करतो : कर्ज काढायचं नसेल, कोणाचे पगार अंगावर नसतील, तर उडी मारा. दुसऱ्याचा पैसा आला की माणूस आधी. शीर्षक बदलणार नाही.

रेघोटी
मग एक प्रश्न. मैत्रिणीबरोबर भागीदारी करायची आहे, तिला माझं निदान माहीत आहे. करारात ते लिहायचं का?

हिशोबनीस
निदान कशाला लिहिता? बिल कोण पाठवणार, काम संपल्यापासून किती दिवसांत, आणि राहिलं तर अधिकार कोणाकडे जाणार, एवढं लिहा.

पडद्यामागची
आणि ते करणाऱ्या मैत्रिणीचा वाटा किती, तेही. आकड्यात.