नैसर्गिक पद्धतीने शेनिन ब्लांक: केवडा, छाटणी आणि सल्फाइट

दिंडोरीकर
दिंडोरी तालुक्यातील आमच्या बागेत एक एकर शेनिन ब्लांक (पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा वाण) असून, तिच्यावरची आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषली जाणारी) बुरशीनाशके व तणनाशके बंद करून घरच्याच माणसांच्या बळावर थोडी पांढरी वाइन करण्याचा विचार आहे. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) परतीचा पाऊस आल्यास केवडा हा बुरशीसारखा रोग जैविक फवारणीने आवरेल का, आणि वाइनमध्ये ती टिकवण्यासाठी घालतात ते सल्फाइट टाळता येईल का?

निफाडचा बागायतदार
ट्रायकोडर्मा, बॅसिलस या उपयुक्त सूक्ष्मजीवांचा उपयोग रोग येण्यापूर्वी होतो. पानांवर तेलकट डाग दिसू लागल्यावर त्यांच्या भरवशावर राहू नये. बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना) सेंद्रिय शेतीत चालते, परंतु युरोपीय संघाने तांब्यावर ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोंची, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलोंची मर्यादा घातली आहे. मोरचुदात तांबे सुमारे २५ टक्के असल्याने, तोच निकष लावल्यास एकरी साडेसहा किलो मोरचुदातच वर्षाचा वाटा संपतो, आणि १ टक्क्याचे मिश्रण त्यातून जेमतेम ६५० लिटर होते. म्हणून छाटणी ऑक्टोबरच्या मध्यापुढे न्यावी, जेणेकरून कोवळी फूट पावसातून बरीचशी वाचेल. शेजारच्या बागेतून वाऱ्यावर येणारी फवारणी मात्र कोणाच्याच हातात नसते.

तळघर
छाटणी लांबवली की फळ मार्चच्या उन्हात पिकते आणि आम्लता झपाट्याने उतरते, हे वरील सल्ल्यात राहून गेले. आम्लता उतरली की सामू (pH) चढतो, आणि सामू ३.२ असताना सल्फाइटपासून मिळणारे जेवढे मुक्त सल्फर डायऑक्साइड वाइन राखते, त्याच्या सुमारे तिप्पट ते ३.७ ला लागते. तेव्हा सल्फाइट कमी ठेवायचे असेल तर त्याची तयारी बागेतच करावी लागते. शेनिन उष्ण हवेतही आम्लता धरून ठेवते, म्हणून आपली निवड मला योग्य वाटते. तोडणी केवळ ब्रिक्स (रसातील साखर) पाहून न करता सामू व आम्लता मोजून, पहाटे करावी. रानटी यीस्टवर आंबवायचे असल्यास आठवडाभर आधी थोडी निरोगी द्राक्षे चुरडून विरजणासारखा रस तयार ठेवावा, आणि टाकी १५ अंशांच्या आसपास राखावी. बाटलीत भरताना अल्प सल्फाइट घालावेच, कारण वाइन एप्रिल-मेच्या उकाड्यात दुकानाच्या फळीवर उभी राहणार आहे.

दिंडोरीकर
मनःपूर्वक आभार. खुंट (ज्यावर कलम केले ते मूळ) डॉगरिज या जातीचा आहे; त्याने काही फरक पडतो का?

तळघर
पडतो. डॉगरिज पालाश (पोटॅशियम) जास्त उचलतो आणि पालाश रसात उतरला की सामू चढतो. पानांच्या देठांचे परीक्षण करून पालाश किती ते पाहावे, आणि तोवर नैसर्गिक खत म्हणून बागेत राख टाकू नये, कारण तिच्यातही पालाशच असते.