ओलं गोणपाट कुत्र्याच्या अंगावर नको
ऊन लागून धापा टाकणाऱ्या कुत्र्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवायचा सल्ला काही जण देतात. घाटावरच्या कोरड्या हवेत तो एक वेळ चालून जाईल, पण कोकणात कृपा करून असं करू नका. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः जीभ आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होऊन. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की ती वाफ नीट होतच नाही. त्यात वरून गोणपाट म्हणजे आतली उष्णता कोंडली. गोणपाट घालायचंच तर त्याच्याखाली घाला आणि पंखा लावा.

त्यापेक्षा विहिरीचं पाणी थेट पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहा. लांब केसांच्या कुत्र्याचे केस बोटांनी विंचरा, नाहीतर पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप १०३ फॅरनहाइटवर आला की थांबा, पुढे तो आपोआप आणखी उतरतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी अजिबात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि सावरल्यासारखा दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, मूत्रपिंडाचं नुकसान दोन-तीन दिवसांनीही उघड होतं.