दुसऱ्या महायुद्धातली फिटनेस टेस्ट आजच्या सैनिकांना जड जाते, म्हणजे ते कमजोर झाले का?

रानपाखरू: अमेरिकन आर्मीतले आजचे सैनिक १९४०च्या दशकातली टेस्ट देतात असा व्हिडिओ काल पाहिला. पुलअप्स, स्क्वॉट जंप, पुशअप्स, सिटअप्स आणि शेवटी ३०० यार्ड पळायचं, तेही सरळ नाही, ६० यार्डाच्या पाच फेऱ्या, म्हणजे दरवेळी थांबून वळायचं. चांगले तगडे गडी पण स्क्वॉट जंपनंतर पाय लटपटायला लागले आणि पळताना पार दम तुटला. माझं मत स्पष्ट आहे, वजन उचलायची ताकद वाढली पण स्वतःचं अंग उचलायची गेली.

कोहम्: अजिबात पटलं नाही. तेव्हाची सगळी पोरं पोलादी होती हा समजच चुकीचा आहे. भरतीला आलेले कितीतरी जण दात, डोळे, कुपोषण यापायी बाद होत होते, १९४६ला अमेरिकेने शाळेत जेवण द्यायचा कायदा केला त्यामागे हेही कारण होतं आणि कायद्यातच राष्ट्रीय सुरक्षेचा उल्लेख आहे!! जे घेतले त्यांच्याकडून आर्मीने हेच व्यायाम रोज करून घेतले. आजचा माणूस डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), प्लँक (कोपरांवर अंग सरळ ताठ धरून ठेवणं) आणि दोन मैल पळायची तयारी करतो, त्याला एका सकाळी अनोळखी टेस्ट देऊन तुलना कशी करता?

रानपाखरू: कुपोषणाचं मान्य. पण १९८० पासून चाळीसेक वर्षं पुशअप्स, सिटअप्स आणि दोन मैल, बस, एवढंच मोजलं. त्यानंतर आलेल्या टेस्टमध्ये बारला लटकून गुडघे कोपरांपर्यंत न्यायचा लेग टक होता, तोही २०२२ला काढून प्लँक आणला. भिंत चढायची वेळ आली तर प्लँक काय कामाचा?

कोहम्: लेग टक मुख्यतः पोटाची ताकद मोजायला होता हो, फक्त भिंतीसाठी नाही. ज्याला लटकताच येत नाही त्याचं पोट किती मजबूत आहे ते कळणार कसं? आणि स्क्वॉट जंपचं कौतुक करण्याआधी गुडघ्यांचा विचार करा, डोक्यावर हात ठेवून पूर्ण खाली बसून उसळी मारायची, पुन्हा पुन्हा.

सह्यकडा७: दोघंही एकाच टेस्टवरून भांडताय. त्याच युद्धात आर्मी ग्राउंड फोर्सेसची, म्हणजे जमिनीवर लढणाऱ्या तुकड्यांच्या विभागाची, वेगळी टेस्ट होती, त्यात साथीदाराला पाठंगुळीला घेऊन ७५ यार्ड पळायचं आणि ४ मैलांचा मार्च ५० मिनिटांत संपवायचा. आजच्या टेस्टमध्ये ९० पौंडांची स्लेज (जमिनीवरून घसटत न्यायची बिनचाकी गाडी) ओढतात ते याच कामासाठी, जखमीला बाहेर काढायला. म्हणजे गरज तीच आहे, मोजायची पद्धत बदलली.

रानपाखरू: ही टेस्ट माहीत नव्हती, हे आवडलं. मग आजच्या सैनिकांना हीच द्यावी, पण आधी तीन-चार महिने तयारीला देऊन, म्हणजे कोहम् यांचा आक्षेप राहणार नाही. पुलअप्सवरचं माझं मत मात्र तेच आहे, ते परत यायलाच हवेत.