अनुभव धागा: २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर तुमच्याशी कोण बोलेनासं झालं?

या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. रेडिंगमधलं दोन खोल्यांचं घर, वीस-बावीस बायका, एकीच्या कडेवर बाळ. बोलता बोलता एकीने दुसरीला विचारलं, "तुमच्याकडे तेव्हा लीव्हच होतं ना?" झालं. तिळगुळाची ताटली होती तिथे थांबली. जिला विचारलं ती "गाडी चुकीच्या जागी लावलीय" म्हणून उठली, ती परत आलीच नाही. तिचं वाण अजून माझ्या कपाटात आहे.

ब्रेक्झिटच्या सार्वमताला दहा वर्षं होत आली. लीव्ह, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडा, ५१.९ टक्के; रिमेन, म्हणजे आतच राहा, ४८.१. देश बाहेर पडला, करार झाले, त्यानंतर पाच पंतप्रधान येऊन बसले, चार गेलेही. पण एकमेकांचं मत हुंगत बसायची सवय काही गेली नाही. भारतातल्या नातेवाइकांना वाटतं, हे गोऱ्यांचं आपसातलं भांडण, आपण कडेला उभे. तसं नव्हतं. भारतीय पासपोर्टवर, दोन वर्षांच्या व्हिसावर आलेल्या माणसालासुद्धा कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून या सार्वमतात मत होतं. वीस वर्षं इथे राहिलेल्या पोलिश किंवा फ्रेंच माणसाला नव्हतं. म्हणजे या प्रकरणात आपलेही हात आहेत.

म्हणून हा धागा. घरातलं, शेजारचं, कामावरचं लिहा. कोण बरोबर होतं ते इथे ठरवायचं नाही, आणि लीव्हवाल्यांनी प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेले, युरोपीय संघाला जाणारे आठवड्याचे ३५ कोटी पाउंडही नकोत. ती भांडणं करून झालीत.

माझं आधी. त्या गुरुवारी धो धो पाऊस होता. मतदान चर्चच्या हॉलमध्ये. इथे मतपत्रिकेवर शिसपेन्सिलीने फुली मारतात, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली असते. पेन्सिलीची फुली खोडून मतं फिरवणार, अशी आवई उठली होती, म्हणून माझ्या पुढचे म्हातारबाबा खिशातून स्वतःचं पेन काढून आले होते. त्यांचं झाल्यावर त्यांनी ते मला देऊ केलं. मी घेतलं. त्यांच्याच पेनाने मी बहुधा त्यांचंच मत पुसलं. पेन परत देताना दोघंही हसलो. ते आमच्या गल्लीत राहतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिडकीत झेंडा लागला आणि मी त्या फुटपाथने जायची बंद झाले. त्यांनी मला काहीही म्हटलेलं नव्हतं, हे लिहून ठेवते.

लेस्टर

मी लीव्हला मत दिलं. पहिल्यांदाच असं उघड लिहितोय, बघू काय होतं ते.

माझं छोटं हॉटेल आहे. मूळचा कोल्हापूरचा. तेव्हा बाहेरून आचारी आणायचा तर त्याला वर्षाला २९,५७० पाउंड पगार दाखवावा लागे, आणि हॉटेलातून टेकअवे देत असाल तर तेवढ्यानेही भागत नसे. लेस्टरात आचाऱ्याला एवढा पगार कोण देतो? मालकाला मिळत नाही. त्याच वेळी युरोपातून कोणीही बॅग उचलून यावं आणि कामाला लागावं. माझ्या किचनमध्ये भांडी घासायला पोलंडचा मुलगा होता. चांगला होता, पण तांबडा रस्सा कोण करणार?

सार्वमताच्या आधी 'सेव्ह अवर करी हाउसेस' म्हणून मोहीम निघाली. प्रीती पटेल तेव्हा मंत्री होत्या. त्यांचं सांगणं असं, की युरोपातून येणाऱ्यांची सरबराई थांबली की आपल्या आचाऱ्यांना दार उघडेल. आम्ही हॉटेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पोस्टर लावलं नाही, पण मत दिलं.

शुक्रवारी सकाळी तो मुलगा नेहमीपेक्षा आधी येऊन बसला होता. काही बोलला नाही. कांद्याचं पोतं ओढलं आणि सोलायला बसला. दहा किलो सोलून झाले तरी उठेना. एवढे कांदे त्या दिवशी लागणारही नव्हते. मी त्याला म्हटलं, पुरे. तो म्हणाला, "ओके, मालक." 'मालक' हा शब्द त्याने आमच्याकडूनच उचलला होता. त्या दिवशी तो कानाला लागला. मी आत जाऊन फ्रीजचं दार उगाच उघडून उभा राहिलो.

पुढे काय झालं तेही सांगतो. २०२१ मध्ये नियम जरा सैल झाले, पण तेव्हा कोविडने हॉटेलंच बंद. २०२४ मध्ये पगाराची अट थेट ३८,७०० वर गेली. म्हणजे आचारी नाही ते नाहीच, वर भांडी घासणाराही गेला. आता मीच घासतो. बायकोचा भाऊ बर्मिंगहॅमला असतो, पक्का रिमेनवाला. तो दर गणपतीला यायचा, आता फोनवरून आरती ऐकतो. म्हणतो, "तुमच्यासारख्यांमुळे झालं." लेस्टर शहर स्वतः ५१ टक्क्यांनी रिमेनच्या बाजूने गेलं होतं, त्यामुळे इथेही मी अल्पमतात. माझा राग दोघांवर आहे: ज्यांनी गंडवलं त्यांच्यावर, आणि जे मला गाढव म्हणतात त्यांच्यावर. गाढव म्हणणाऱ्यांवर जरा जास्तच.

पुणे (तेव्हा मँचेस्टरला जायच्या तयारीत)

माझा अनुभव दोन ओळींचा. सप्टेंबरची फी भरायची होती, पंधरा हजार पाउंड. रातोरात पाउंड दहाएक रुपयांनी पडला, दीड लाख वाचले. तिकडे लंडनमध्ये भाऊ फोनवर रडत होता, इकडे बाबांनी चितळ्यांची बाकरवडी आणली. भावाने हे अजून माफ केलेलं नाही.

स्विंडन

आम्ही गोंयकार, फोंड्याकडचे. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं किती आहेत हे माहीत नसलेल्यांनी एखाद्या रविवारी इथल्या चर्चबाहेर उभं राहावं. आम्ही हिंदू त्यात थोडे. एकोणीस डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. आम्ही घेतलं, म्हणून युरोपियन झालो, म्हणून इथे आलो, आणि म्हणूनच आम्हाला मत नव्हतं. माझ्या वेअरहाउसमध्ये नागपूरचा एक मुलगा होता, येऊन आठ महिने झालेले. त्याला मत. मला तेरा वर्षं झालेली, मला नाही. त्याने मत दिलं का, कोणाला दिलं, मी विचारलं नाही. विचारून भांडण झालं असतं तर शिफ्ट कोणाबरोबर करायची?

शेजारचा माणूस सोमवारी कुंपणावरून म्हणाला, "मग, घरी कधी?" चेष्टेनेच म्हणाला असेल. मी रात्रभर हिशेब करत राहिलो: जन्म गोव्यात, पासपोर्ट लिस्बनचा, मुलं इथल्या शाळेत. पाठवायचं तर हा मला कुठे पाठवणार?

आमच्या घराला सार्वमत नवीन नाही. १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. आजो फुलाचा, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांचा कट्टर माणूस. त्याचा धाकटा भाऊ दोन पानांचा. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. एका अंगणात चुली आधीच दोन होत्या, मग तुळशीही दोन झाल्या. मी शाळेत जायला लागलो तोवर गोवा राज्यही झालं होतं, तरी चतुर्थीची करंजी पलीकडे पाठवायची तर आजी आधी आजोकडे बघायची. त्यामुळे इथले लोक "दोन वर्षांत विसरतील" म्हणाले तेव्हा मला हसू आलं.

सेटल्ड स्टेटसची, म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपियनांना इथे कायम राहायच्या परवानगीची, गंमत वेगळीच. सगळं फोनवर. ॲप चेहरा स्कॅन करतं, स्क्रीनवर रंग चमकतात. आई एकाहत्तरची. प्रत्येक चमकीला डोळे मिटायची, मग परत पहिल्यापासून. ३० जून २०२१ ही शेवटची तारीख, आणि आमचं जमलं ते मे महिन्यात, अकराव्या खेपेला. मंजुरी आली तीही फक्त ईमेलवर, कार्ड वगैरे काही नाही. आई म्हणाली, "म्हाका कागद जाय." तो ईमेल छापून, लॅमिनेट करून तिने देव्हाऱ्यात मंगेशीच्या फोटोमागे ठेवला आहे. त्याला कायद्याने काही किंमत नाही हे मी तिला सांगितलेलं नाही. रोज उदबत्ती मिळते त्याला.

संडरलंडजवळ

डॉक्टर आहे, त्या रात्री ड्यूटीवर होते. मध्यरात्रीनंतर न्यूकॅसलचा निकाल आला, रिमेन जेमतेम पुढे. मग संडरलंड: ६१ टक्के लीव्ह. टीव्हीवर पाउंडची रेघ खाली गेली आणि वॉर्डातली एक आजी, जिला मी तासाभरापूर्वी ऑक्सिजन लावला होता, मास्क बाजूला करून "येस" म्हणाली. मग माझा चेहरा बघून माझा हात धरला. "तुला नाही गं म्हणत, पेट." इकडे सगळ्यांना लाडाने पेट म्हणतात. "तू आमचीच. ते दुसरे."

दुसरी तिथेच उभी होती, सलाईन बदलत. आमची पोर्तुगीज नर्स. दीड वर्षात ती पोर्तोला परत गेली. तिच्या जागी केरळची मुलगी आली, मग आणखी दोघी. इथला निसानचा मोटारींचा कारखाना चालू आहे, जग बुडालं वगैरे नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात दंगल पेटली त्या संध्याकाळी त्या मुलींना एकटीने बसने जाऊ नका असं मीच सांगितलं. त्या दंगलीचं कारण वेगळं होतं, मान्य. तरी "तू आमचीच" ऐकून मला २०१६ मध्ये हायसं वाटलं होतं, याची मला आता लाज वाटते. आजींच्या त्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग मी सोयीने ऐकलाच नव्हता.

डेरी, उत्तर आयर्लंड

इथे आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची सीमा म्हणजे रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते आणि मैलांचे किलोमीटर होतात, बाकी काही नाही. ती पूर्वीसारखी, सैनिकांच्या चौक्यांसकट, पुन्हा दिसायला लागेल या भीतीने माझ्या ऑफिसातली साठीची माणसं गप्प झाली होती. चिडलेली माणसं मी पाहिली आहेत, ही घाबरलेली होती. आमच्याकडे ५५.८ टक्के रिमेन पडलं, उपयोग शून्य. बाकी इथे कोणी कोणाला 'मत कोणाला दिलं' असं विचारत नाही. आडनावावरून कॅथलिक की प्रोटेस्टंट ते ओळखतात आणि समजून घेतात. आपल्याकडेही ही कला आहेच.

केंट

माझं लिहिलेलं मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या. जन्म इथला. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, अठराच्या खाली मत नव्हतं. आईने लीव्हला दिलं. कळलं तेव्हा मी तिच्याशी तीन आठवडे बोलले नाही. कॉलेजमधून इरॅस्मसने, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी-योजनेतून, एक वर्ष इटलीला जायचं हे माझं ठरलेलं होतं. भाजी वाढली की मी ताट घेऊन वर जायचे. बाबा जिन्यात बसून जेवायचे, दोघींना सोबत म्हणून.

खरं कारण मला खूप नंतर समजलं. नाशिकची आजी २०१३ मध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. आईला तिला इथे आणायचं होतं. पण २०१२ मध्ये नियम बदलले होते: आईवडिलांना आणायचं तर त्यांना रोजच्या कामांत दीर्घकाळ मदत लागते आणि ती मदत भारतात पैसे मोजूनही मिळत नाही, हे सिद्ध करा. नाशिकमध्ये बाई मिळते. अर्ज फेटाळला. आमच्या समोरच्या इटालियन काकांची आई मात्र सरळ विमानात बसून आली आणि राहिली. छान होती ती, मला बिस्किटं द्यायची. आई खिडकीतून त्या मायलेकांना बागेत बसलेलं बघायची. मला वाटायचं, फुलं बघते.

आजी २०१७ मध्ये गेली. आई पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं.

मी एकदा म्हटलं, "पण तुझ्या मताने आजीचा नियम बदलला का?" नियम अजून तसाच आहे. ती म्हणाली, "माहीत होतं मला. त्यांनीही रांगेत उभं राहावं, एवढंच वाटलं." मला आईचा राग पटतो, मत पटत नाही. एका ताटात दोन्ही कसं वाढायचं ते मला येत नाही. आता आम्ही एकत्र जेवतो. युरोपच्या बातम्या लागल्या की बाबा रिमोट शोधायला लागतात.

रेडिंग

केंटच्या मुली, तुझं मराठी आमच्यापेक्षा बरं आहे. लेस्टरच्या दादा, तुम्हाला इथे कोणी गाढव म्हणणार नाही, निदान माझ्या धाग्यावर तरी. एक विचारू? तो पोलिश मुलगा कुठे असतो आता?

लेस्टर

ताई, तो २०१८ मध्ये व्रोत्सवाफला परत गेला. त्याच्या पहिल्या दिवाळीला मी पाव किलो गोडा मसाला पोस्टाने पाठवला, पाकिटावर पत्ता लिहिला आणि झालं. आता पोलंडला पुडी पाठवायची तर कस्टमचा फॉर्म भरावा लागतो: वस्तू काय, वजन किती, किंमत किती, कशासाठी. गेल्या वर्षी पोस्टातल्या बाईने विचारलं, "गोडा म्हणजे?" म्हटलं, स्वीट. तिने 'स्वीट्स' लिहिलं. पुडी तिकडे तीन आठवडे अडकली. सोडवायला त्यालाच पैसे भरावे लागले, मसाल्याच्या किमतीपेक्षा जास्त. मी पाठवतो म्हटलं तर घेईना. त्याने फोटो पाठवला, पुडी कापलेली, तपासणीचा शिक्का मारलेली, आणि शेजारी ताटात त्याने केलेली आमटी. फारच पातळ झाली होती. फोन करून सांगितलं त्याला, कोकम नंतर घालायचं.