कोरड्या हवेत मुलांची हाडे जास्त मोडतात का?

प्रश्न : पावसाची झड उघडल्यावर पहिल्याच कोरड्या संध्याकाळी माझी अकरा वर्षांची मुलगी मैदानातल्या आडव्या दांड्याला लोंबकळत असताना हात सुटून पडली आणि तिचे मनगटाजवळचे हाड मोडले. प्लास्टर घालताना डॉक्टर सहज म्हणाल्या की, ऊन पडले की अशी मुले वाढतात. माझी समजूत नेमकी उलटी होती, कारण निसरड्यात पडण्याचा धोका अधिक असायला हवा. हवामानाचा परिणाम हाडांवर होतो की खेळण्यावर?

प्रतिसाद १ : मुख्यतः खेळण्यावर. निसरड्याचा तुमचा तर्क मोठ्यांना लागू पडतो. बर्फ साचलेल्या दिवसांत त्यांची मनगटे मोडण्याचे प्रमाण खरोखरच वाढते. शाळकरी मुलांची हाडे मात्र धावताना, सायकलवरून किंवा उंचावरून पडून मोडतात, आणि कोरडी हवा व लांबलेला दिवस यांमुळे हे खेळ वाढतात. पडताना मूल तळहात पुढे टेकते, त्यामुळे सगळा भार मनगटाजवळच्या हाडावर येतो. मुसळधार पावसात मैदानच ओस पडते. अगदी लहान मुले बहुधा घरातच, पलंगावरून वगैरे पडतात. त्यांच्या बाबतीत हवामानाचा संबंध कमी.

प्रतिसाद २ : ड जीवनसत्त्वाचा मुद्दाही पाहायला हवा. थंड प्रदेशांत रक्तातील त्याची पातळी हिवाळ्याच्या अखेरीस सर्वांत खाली असते, म्हणजे हाडांचा कमकुवतपणा हेच मुख्य कारण असते तर मुलांचे अस्थिभंग तेव्हा वाढायला हवे होते. ते वाढतात उबदार महिन्यांत. अर्थात, मुडदूस होण्याइतकी तीव्र कमतरता असेल तर हाड खरोखरच मऊ पडते. तो विषय निराळा.

प्रश्नकर्ती : म्हणजे तिच्या हाडांत काही खोट आहे, असे समजायचे कारण नाही ना?

प्रतिसाद १ : एकदा, तेही उंचावरून पडून मोडले असेल, तर सहसा नाही. शिवाय तिचे वय पाहा. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी झपाट्याने वाढते; तेव्हा हाड आधी लांब होते आणि खनिजे भरून ते घट्ट व्हायला आणखी काही महिने लागतात. किरकोळ धक्क्याने किंवा वारंवार हाड मोडत असेल, तर मात्र हवामानाकडे बोट न दाखवता तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ती : पडली त्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत मैदानातच होती. त्याआधीचे चार दिवस खिडकीशी बसून होती.