मलप्रभेला ‘करंट’! हा शब्द कुठवर चालवायचा?

खानापूरचे गुरुजी
परवा पाचवीच्या मुलांना ‘पावसाळ्यातला एक दिवस’ यावर दहा ओळी लिहायला दिल्या. एका वहीत वाक्य होतं : ‘मलप्रभेच्या पाण्याला भारी करंट होता म्हणून बाबा मला पुलावरच थांब म्हणाले.’ मी ‘करंट’खाली लाल रेघ मारली. पोरगं वही घेऊन पुढं आलं. ‘सर, मग काय लिहायचं?’ मी वर्गालाच विचारलं. एकजण म्हणाला ‘स्पीड’. दुसरा ‘फोर्स’. एक मुलगी बराच विचार करून म्हणाली ‘प्रेशर’. ‘ओढ’ कुणालाच सुचली नाही. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्याच खानापूर तालुक्यात, आणि तिच्या काठची पोरं ही.

घरी येऊन मोजत बसलो. वीज गेली की करंट गेला. शॉक बसला की करंट लागला. महिन्याला करंट बिल. व्यापाऱ्याचं करंट अकाउंट, स्पर्धा परीक्षावाल्यांचं करंट अफेअर्स. चार्ट लागल्यावर बेंगळुरूच्या गाडीत जागा मिळाली तर ते करंट तिकीट. गुडघे धरले की आमची आई दवाखान्यात जाऊन ‘करंट घेऊन’ येते. निवडणूक आली की पेपरवाले गावोगाव ‘अंडरकरंट’ हुडकत फिरतात. नदी तेवढी राहिली होती.

टेबलाला मीही टेबलच म्हणतो, तेव्हा इंग्रजीचा राग नाही. पण एकाच पाहुण्यानं घरातल्या सगळ्या खोल्यांत पथारी पसरायची आणि घरच्यांनी पडवीत झोपायचं, हे मला पटत नाही. तुमचं काय?

शहापूरचा मागवाला
गुरुजी, नमस्कार. पण पटलं नाही. आमच्या गल्लीत हा शब्द दिवसातनं चारदा कानावर पडतो. करंट गेला की सगळे माग एकदम थांबतात आणि इतकी शांतता पडते की शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात. तेव्हा ‘विद्युत पुरवठा खंडित झाला’ असं मी ओरडू काय?

आणखी एक. आमच्या डावीकडचं घर कन्नड बोलणारं. ते म्हणतात ‘करंट होतु’, आम्ही म्हणतो ‘करंट गेला’. लाइनमनला फोन कुणीही करू दे, करंट हा शब्द दोघांचा एकच. कर्नाटक सरकारची मोफत विजेची ‘गृहज्योती’ योजना आल्यापासून, म्हणजे २०२३ पासनं, २०० युनिटांच्या मर्यादेतल्या घराला पैसे भरायचे नसतात, तरी ‘करंट बिल आलं काय’ ही चौकशी काही बंद झालेली नाही.

‘होतु’वरनं आठवलं. पुण्याचे आमचे मेहुणे पहिल्यांदा राहायला आले, त्या रात्री अंधार झाला. शेजारीण ओरडली, ‘करंट होतु!’ मेहुणे म्हणाले, ‘होता ते कळलं हो, आत्ता कुठे गेला?’ कन्नडात होतु म्हणजेच गेला, हे त्यांना समजावीपर्यंत करंट परत आला.

टिळकवाडीचा जावई
तो मेहुणा मी नव्हे, आधीच सांगतो. पण ‘करंट गेला’ माझ्याही कानाला बोचतं. सरळ ‘लाइट गेली’ म्हणावं.

शहापूरचा मागवाला
जावईबापू, लाइट म्हणजे उजेड. भर दुपारी बारा वाजता पंखा बंद पडला तर उजेड गेला काय? आमचा करंट निदान तारेतनं येतो.

वायरमन, वडगाव
दोघंही चुकलासा. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजची पिन काढा. तारेत २३० व्होल्ट आहेत, पण करंट शून्य. करंट म्हणजे जे वाहतंय ते. बटण दाबलं की वाहतो, सोडलं की थांबतो. म्हणजे रोज झोपताना तुम्हीच करंट घालवताय आणि दोष कंपनीला.

तरी गिऱ्हाइकापुढं मीसुद्धा ‘टेस्टर लावून बघतो, करंट आहे काय’ असंच बोलतो. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या म्हणून बाई घाबरून उभी असते, तिथं विभवांतर सांगत बसलो तर दुसरा वायरमन बोलावतील. जाता जाता : ३० मिलीअँपियरची गळती झाली की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, म्हणजे ईएलसीबी, बसवून घ्या. नदीला करंट म्हणणाऱ्या पोरापेक्षा अर्थिंग नसलेला गिझर वाईट.

निपाणीकडची
मी गुरुजींच्या बाजूची, पण माझं कारण वेगळं. आमचा मळा वेदगंगेच्या काठाला. पाण्याची धार वेगळी आणि ओढ वेगळी. धार डोळ्याला दिसते, मधोमध चकाकत पळते ती. ओढ दिसत नाही. वरनं पाणी गप्प असतं, आणि गुडघाभर उतरलं की पायाखालची वाळू सरकायला लागते, टाचेकडनं आधी. आजी म्हशी धुवायला न्यायची तेव्हा पहिल्यांदा पाण्यात काठी उभी धरायची. काठी थरथरली की म्हशी माघारी. ‘ओढ हाय’ एवढंच म्हणायची, आणि आम्ही पोरं काठावरनं हलत नव्हतो.

आता ‘करंट आहे’ म्हटल्यावर यातलं काय समजायचं? धार असली तर लांबनं बघून सावध होता येतं. ओढ असली तर कुणीतरी सांगावं लागतं. शब्द गेला तर सांगणार कशानं?

बँकेतून सुटलेला
तीस वर्षं काउंटरला काढली, त्यातली बरीचशी ‘करंट की सेव्हिंग?’ विचारण्यात. म्हणून दोन शब्द.

मराठी फॉर्मवर ‘चालू खाते’ छापलेलं असायचं, कन्नडवर ‘चालती खाते’. गिऱ्हाईक दोन्ही बघून म्हणायचं, ‘करंटच द्या.’ पण चालू या शब्दाकडं जरा बघा. चालू खाते, चालू घडामोडी, चालू महिना, पंखा चालू कर, दुकान चालू आहे काय, आणि ‘तो लई चालू आहे’. गुरुजींनी करंटच्या जेवढ्या खोल्या मोजल्या तेवढ्याच इथंही भरतात. त्यावर कुणी लाल रेघ मारली नाही. आणि करंट ज्या लॅटिन धातूवरनं आला त्याचा अर्थ धावणं. कुरिअर, कोर्स, करन्सी, सगळी त्याच घरची भावंडं. त्यांचा शब्द धावण्यावरनं, आपला चालण्यावरनं, एवढाच काय तो फरक.

निपाणीच्या ताईंना एक विचारतो. ओढ नदीला, ओढ माहेरची, ओढ पैशाचीही. एका शब्दानं तीन घरं धरली तर ती श्रीमंती, आणि करंटनं धरली तर घुसखोरी?

राहता राहिलं ते पोरगं. इंग्रजीत हा शब्द आधी वाहत्या पाण्यालाच होता. विजेला तो अठराव्या शतकात लावला, कारण तारेतलं काहीतरी पाण्यासारखं वाहतंय असं लोकांना वाटलं. आपल्याकडं तो विजेबरोबर आला. तुमच्या पोरानं तारेतनं काढून तो परत नदीत सोडला. गुरुजी, रेघ कशावर मारलीत?

निपाणीकडची
दादा, माहेरची ओढसुद्धा दिसत नाही आणि पायाखालची वाळू काढून घेते. तीन घरं नाहीत ती, एकच आहे. करंट बिल आणि करंट तिकीट यांचं असं काही नातं आहे काय?

बँकेतून सुटलेला
चालू बिल आणि चालू माणूस यांचंही नाही. पण ताई, वाळूचं मात्र मान्य.

नुसता वाचणारा
एवढी चर्चा झाली आणि करंटा कुणालाच आठवला नाही? आपल्या भाषेत ‘करंट’ विजेच्या कितीतरी आधीपासनं आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात तिसरा समास ‘करंटलक्षण’ नावाचाच. करंटा म्हणजे आळशी, कपाळाचा फुटका, ज्याच्या हातात काही टिकत नाही तो. सतराव्या शतकातल्या माणसाला तुम्ही ‘आमच्या घरातनं करंट गेला’ म्हणून सांगितलं असतं तर त्यानं पेढे मागितले असते.

आईस्क्रीमच्या दुकानात ‘ब्लॅक करंट’ मिळतं, त्याची लेकरं ‘काळा करंट’ म्हणून मजा करतात. ते करंट आणखी तिसरंच. कोरिंथ या ग्रीक गावच्या मनुकांवरनं पडलेलं नाव. विजेशी संबंध नाही, नदीशी नाही, कपाळाशीही नाही.

टिळकवाडीचा जावई
म्हणजे आता ‘लाइट गेली’च बरं, नाही का?

शहापूरचा मागवाला
जावईबापू, झोपा की आता.

खानापूरचे गुरुजी
सगळ्यांचं वाचलं. बँकवाल्या मित्रांनी मला कोपऱ्यात गाठलं हे कबूल करतो. शब्द फिरून पुन्हा नदीवर आला हे मला ठाऊक नव्हतं. पण पोरालाही ते ठाऊक नव्हतं. त्यानं तो कुठून परत आणला नाही. त्याच्याकडं दुसरा शब्दच नव्हता. माझी तक्रार तिथंच आहे, करंटवर नाही. मागवाल्यांनी करंट गेला म्हणावं, आमच्या आईनं करंट घ्यावा. ‘अंडरकरंट’ला मात्र माझी अजून हरकत आहे. पाच वर्षांनी एकदा येतो आणि दर वेळी चुकीचा निघतो.

वहीतली रेघ तशीच ठेवली. बाजूला ‘ओढ’ लिहून दिलं, गुण कापला नाही. पोरानं विचारलं, ‘सर, ओढ म्हणजे करंटच ना?’ निपाणीच्या ताईंची काठी सांगितली त्याला. दिवाळीनंतर पाणी उतरलं की वर्ग घाटावर नेणार आहे, प्रत्येकानं एक काठी आणायची.

वायरमन, वडगाव
न्या की. त्याआधी शाळेच्या बोअरच्या मोटरीला अर्थिंग आहे काय तेवढं बघून घ्या.